जमिनीखालची खातेवही

बँकेत कर्जाच्या फायली कशा लावतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे काही कारणही नाही. त्या खाते क्रमांकाने लावतात. आत माणूस असतो, त्याचे गाव असते, सात-बारा असतो, गहाण टाकलेली जमीन असते. पण फायलीच्या पाठीवर दिसतो तो फक्त क्रमांक. ही पद्धत चांगली आहे. हवी ती फाईल शिपाई मिनिटभरात काढून देतो. पण या चांगल्या पद्धतीमुळेच एका साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते. ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचा विषय, जो वरवर पाहता संगणकाचा आहे, तो खरे म्हणजे कशाचा आहे हे ध्यानात येईल.

१९८८-८९ चा सुमार असेल. एका अवर्षणप्रवण तालुक्यातल्या शाखेत शेतीकर्जाचे टेबल माझ्याकडे होते. विहिरीचे कर्ज हप्त्याहप्त्याने द्यायचे असते. अमुक इतकी खोदाई झाली की पुढचा हप्ता, मग बांधकामाचा, शेवटी मोटारीचा. हप्ता सोडण्याआधी विहीर पाहायला जावे लागे. काही विहिरींच्या काठावर पेढे मिळत. काहींच्या काठावर कुणी बोलत नसे. पाणी न लागलेल्या विहिरीचे कर्ज हे फार विचित्र कर्ज असते. पैसे खर्च झालेले असतात, काम इमानाने झालेले असते, खड्डा समोर दिसत असतो, आणि तारण म्हणून त्या खड्ड्याला काडीची किंमत नसते.

अशाच एका विहिरीचे कर्जदार एकदा शाखेत आले. साठीचे गृहस्थ. आधी चाळीस फूट खोदले, मग आणखी पंधरा, मग तळाला आडवे बोअर मारून पाहिले. पाणी नाही. हप्ते थकले होते आणि नोटीस गेली होती. ते भांडायला आले नव्हते. बराच वेळ बाकावर बसून राहिले, आणि उठताना सहज विचारावे तसे म्हणाले, ‘‘साहेब, आमच्यासारख्यांच्या फायली तुमच्याकडं किती हायेत?’’

आपण एकटेच फसलो की आणखीही कुणी, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, ‘‘सांगता यायचं नाही.’’ ते खोटे नव्हते. उत्तर माझ्या पाठीमागच्या कपाटात होते, पण ते कपाट खाते क्रमांकाच्या भाषेत बोलत होते आणि त्यांचा प्रश्न जमिनीच्या भाषेतला होता.

तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे तालुक्याला एक सरकारी भूवैज्ञानिक आले असता मी त्यांच्यापाशी हा विषय काढला. ते म्हणाले, ‘‘फायली काढा. मी तालुक्याचा नकाशा आणतो.’’ दोन संध्याकाळ आम्ही शाखा बंद झाल्यावर बसलो. मी गाव आणि गट नंबर वाचत होतो, ते नकाशावर ठिपके देत होते. पाणी लागले तिथे निळा, विहीर कोरडी गेली तिथे लाल. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि फूटपट्टी मागितली. तीन गावांच्या शिवारांतून एक तिरकी सरळ रेघ काढता येत होती. तिच्या एका अंगाला बहुतेक निळे ठिपके होते, दुसऱ्या अंगाला बहुतेक लाल.

‘‘डाईक असावी,’’ ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितले. लाव्हारस जमिनीतल्या उभ्या भेगेत शिरून तिथेच थिजला की कठीण खडकाची एक भिंतच जमिनीत उभी राहते. ती कधी कधी मैलोन् मैल जाते. उताराने वाहत येणारे भूजल काही ठिकाणी या भिंतीला अडते. वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी, खालच्या अंगाला कोरड. ‘‘पण हा आपला अंदाज. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय काही खरं नाही,’’ असेही त्यांनी बजावले. त्या रविवारी आम्ही गेलो. शेतांमधून काळ्या फुटक्या दगडांचा एक बुटका वरवंटा सरळ रेषेत गेलेला होता. लोक त्याचे दगड बांधाला वापरत होते. आमचे कर्जदार त्या वरवंट्याच्या खालच्या अंगाला होते.

म्हणजे त्यांचे कर्ज मंजूर होण्याआधीच आमच्या कपाटात त्यांच्या विहिरीचे भविष्य बऱ्याच अंशी लिहिलेले होते. ते वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या फायलींत तुकड्यातुकड्यांनी पडले होते. ते कुणी लपवले नव्हते. कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, इतकेच. वर्षभरात माझी बदली झाली. नकाशाची गुंडाळी कपाटावर ठेवून, नव्या साहेबांना चार शब्द सांगून मी निघालो. पुढे शाखा दुसऱ्या इमारतीत गेली. गुंडाळीचे काय झाले ते विचारण्यात अर्थ नव्हता.

हे सारे आठवण्याचे कारण माझी भाची. ती भूशास्त्र शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर काही काम चालले होते. मी डोकावलो. एका बाजूला आकड्यांचा तक्ता होता, दुसऱ्या बाजूला नकाशा. तिने दोन-तीन कळा दाबल्या आणि तक्त्यातले बोअर ठिपके होऊन नकाशावर जाऊन बसले. एका ठिपक्यावर बोट नेले तर त्या बोअरचा उभा छेद समोर आला. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा कठीण पाषाण, मध्येच गेरूसारखा लाल थर. मग तिने चार ठिपक्यांमधून एक रेघ ओढली, आणि केक कापावा तशी त्या रेघेखालची जमीन कापून समोर ठेवली. आमच्या दोन संध्याकाळींचे काम अर्ध्या मिनिटात झाले.

मी तिला ते पुन्हा करायला लावले. मग म्हटले, आता सावकाश सांग. तिने जे सांगितले ते बँकेतल्या माणसाला समजायला अवघड नाही, आणि घर चालवणाऱ्या कुणालाही अवघड नाही, म्हणून इथे देतो.

नकाशाची जी आज्ञावली ती वापरत होती तिचे नाव क्यूजीआयएस. गॅरी शर्मन नावाच्या गृहस्थांनी अलास्कात २००२ साली तिची सुरुवात केली. आज जगभरातले लोक ती मिळून वाढवतात आणि ती कुणालाही फुकट मिळते. नकाशे काढणे, थर एकावर एक ठेवणे, अंतरे मोजणे हे तिचे मूळ काम. पण भूशास्त्रज्ञाला लागणारी प्रत्येक गोष्ट मूळ आज्ञावलीत कशी असणार? म्हणून तिला बाहेरून छोटे छोटे जोड लावता येतात. त्यांना प्लगइन म्हणतात. घरातला मिक्सर डोळ्यांसमोर आणा. मोटार तीच, चटणीचे भांडे लावले की चटणी, दळणाचे लावले की मसाला. भाचीने लावलेले भांडे बोअरच्या नोंदींचे होते.

त्या नोंदी दोन तक्त्यांत असतात. पहिल्या तक्त्यात प्रत्येक बोअरची एकच ओळ: क्रमांक, अक्षांश-रेखांश, जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, एकूण खोली. दुसऱ्या तक्त्यात त्याच बोअरच्या अनेक ओळी: इथपासून इथपर्यंत माती, इथपासून इथपर्यंत मुरूम, अमुक खोलीवर पाणी. दोन्ही तक्ते बोअरच्या क्रमांकाने एकमेकांशी बांधलेले. मी म्हणालो, ‘‘अगं, हे तर खातं उघडण्याचा फॉर्म आणि खातेवही!’’ ती हसून म्हणाली, ‘‘तसंच, मामा. फक्त खातं जमिनीचं आहे.’’ त्या खातेवहीला नकाशाशी बोलायला लावणारा मधला दुभाष्या म्हणजे हे प्लगइन. खातेवहीत नवी नोंद पडली की नकाशा ताजा करताच ती त्यावर दिसते. नोंदी पुन्हा उतरवून काढाव्या लागत नाहीत, आणि उतरवताना होणाऱ्या चुकाही टळतात.

मग तिने एक वाक्य सहज उच्चारले, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा त्यात आहे. ‘‘साधन फुकट आहे, मामा. नोंदीच नाहीत.’’

आपल्या जमिनीच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते पाहू. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे पूर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. प्रत्येक पुराचा वरचा भाग बुडबुड्यांनी भोकाळलेला, मधला भाग घट्ट. दोन पुरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा थर. पाणी मिळते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भोकाळ पट्ट्यांत आणि भेगांत. जमिनीखाली नदी वाहते आहे आणि भोक पाडले की ती सापडेल, ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे; ती या खडकाला लागू पडत नाही. गंगेच्या गाळाच्या मैदानात अनेक ठिकाणी भोक पाडले की पाणी लागते. इथे शंभर पावलांवर नशीब बदलते. म्हणून इथे शेजाऱ्याच्या बोअरची नोंद हे सोन्यासारखे भांडवल आहे.

आणि ते भांडवल आपण रोज फुंकून टाकतो. बोअरची गाडी कशी येते ते आठवा. पुष्कळदा ती तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची असते. त्या गावाची ख्यातीच बोअरच्या गाड्यांची आहे. रात्रभर धडधड चालते. भोकातून आधी तांबडी, मग करडी, मग काळी भुकटी उडते. जमीन स्वतःचा जबाब देत असते. पहाटे गाडी निघून जाते. मागे राहते ते बिल: इतके फूट खोदाई, इतके फूट केसिंग, दर अमुक. पैसे फुटावर असल्यामुळे फूट लिहिले जातात. कुठल्या फुटावर काय लागले, ते लिहायचे पैसे कुणी देत नाही, म्हणून ते कुणी लिहीत नाही. भुकटीचा ढीग पहिल्या पावसात वाहून जातो. पुढच्या वर्षी शेजारी पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर नारळ धरून शेतभर फिरतो, आणि नवे भोक पुन्हा अंधारात पडते.

सरकारकडे काहीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आहे. राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून ती हजारो निरीक्षण विहिरींची पातळी नियमाने मोजते. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून देशभरातल्या जलधरांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण तर १८५१ पासूनची संस्था. तिचे खडकांचे नकाशे आज ‘भूकोश’ या संगणकीय दालनात पाहता येतात. हे सारे मोलाचे आहे. पण हे तज्ज्ञांनी तज्ज्ञांच्या पद्धतीने मोजलेले ठिपके. तुमच्या-आमच्या पैशाने, कर्जाने, कधी बायकोच्या पाटल्या मोडून पाडलेली जी असंख्य भोके आहेत, त्यांचा जबाब या वह्यांत क्वचितच येतो.

इंग्लंडमध्ये याबाबत एक जुनी शिस्त आहे. पाण्यासाठी ठरावीक खोलीपेक्षा, म्हणजे सुमारे पन्नास फुटांपेक्षा, खोल भोक पाडले की त्याची नोंद तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायची, असा तिथे १९४५ पासून कायदा आहे. भोक खाजगी, पैसा खाजगी. पण काय लागले ती माहिती सर्वांची. त्यामुळे त्या संस्थेकडे आज दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी आहेत. त्यांतल्या बहुसंख्य नोंदी घरबसल्या, फुकट पाहता येतात आणि नकाशावर लावता येतात. कितीतरी जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या आहेत. संगणक स्वप्नातही नव्हता तेव्हा कुणा कारकुनाने त्या नीट लिहून ठेवल्या, म्हणून आजचे प्लगइन काही करू शकते. त्याच इंग्लंडचा पहिला मोठा भूशास्त्रीय नकाशा विल्यम स्मिथ या कालव्यांच्या सर्वेक्षकाने १८१५ साली एकट्याने केला. हा माणूस १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला होता, हे वाचून माझ्यातला बँक अधिकारी थोडा ओशाळला.

आपल्याकडेही महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम आहे. विहिरींची नोंदणी, बोअर पाडणाऱ्यांची नोंदणी या गोष्टी त्यात आहेत. माझी मागणी त्यात एका कागदाची भर घालण्याएवढीच आहे. बोअरचे बिल देताना गाडीवाल्याने एक पानी तक्ता भरून द्यावा: जागेचे अक्षांश-रेखांश, दर दहा फुटांवर कसली भुकटी निघाली, पाणी किती फुटांवर लागले, किती लागले. हल्ली गाडीवरच्या पोराच्या खिशातला मोबाईल अक्षांश-रेखांश सांगतो. भुकटीचा रंग सांगायला पदवी लागत नाही. हा कागद नसेल तर बँकेने कर्जाचा हप्ता सोडू नये आणि अनुदान देणाऱ्याने अनुदान देऊ नये. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कागद पुरा नसताना आम्ही पैसे दिले, ही चूक आमचीही आहे.

आणि कोरड्या बोअरचा कागद आधी घ्यावा. माणूस अपयश सांगत नाही. पाणी लागले की गावभर पेढे, कोरडे गेले की वर दगड. पण बँकेत आम्ही कर्जे द्यायला शिकलो ते बुडीत कर्जांच्या फायली वाचून. पाणी लागलेला ठिपका एका शेतकऱ्याला उपयोगी पडतो. कोरडा ठिपका त्याच्या पुढच्या दहांना वाचवू शकतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला खरोखर गंभीर वाटतो. पाणी कुठे आहे हे सगळ्यांना कळले, तर ज्याच्याकडे पैसा आहे तोच आधी तिथे पोचेल. नकाशा पाहून जमिनी घेतल्या जातील, खोल बोअर पडतील, आणि ज्या गरिबाने आपली नोंद दिली त्याचीच विहीर आटेल. ही भीती निराधार नाही. पण आजची स्थिती काय आहे? पैसेवाला भूवैज्ञानिक बोलावतोच, चार बोअर फुकट गेले तरी पाचवा मारतोच. नोंदींचा अंधार आहे तो एका बोअरवर सारे पणाला लावणाऱ्यासाठी. म्हणून नोंदी दडवून गरिबाचे रक्षण होत नाही. मात्र नकाशा आधी ग्रामसभेत टांगला पाहिजे, मग बाजारात. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, उसासारखी पिके घ्यायची नाहीत असे ठरवले. ते ठरवू शकले, कारण किती पाणी आहे हे सगळ्यांना एकाच वेळी माहीत होते. सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब लुबाडणे अवघड असते.

दुसरी भीती मला स्वतःला वाटते. पडद्यावरचा नकाशा फार देखणा असतो. दोन ठिपक्यांच्या मधली, कुणीच न खोदलेली जागासुद्धा संगणक मोठ्या विश्वासाने रंगवून टाकतो. मी भाचीला विचारले, ‘‘या दोघांच्या मधून डाईक गेली असेल तर?’’ ती म्हणाली, ‘‘तर हा रंग चुकीचा आहे.’’ तिला ते ठाऊक होते. रंगीत कागद हातात घेऊन कर्ज मंजूर करणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. शिवाय खातेवही जशी, तसा नकाशा. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात ढिगाने आहेत. चुकीच्या वडगावला गेलेली नोंद नकाशावर तितक्याच दिमाखात झळकते. एकाने खोली फुटांत लिहिली, दुसऱ्याने मीटरमध्ये, आणि तक्त्यात फक्त ‘साठ’ एवढेच आले, तर जमिनीच्या पोटात सुमारे एकशे सदतीस फुटांचा घोटाळा होतो, आणि प्लगइन मुकाट्याने तो घोटाळा रंगवून दाखवते. आमचे ते भूवैज्ञानिक फूटपट्टी ठेवल्यावर म्हणाले होते, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय काही खरे नाही. ते वाक्य प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात छापावे असे मला वाटते.

शहरात राहणाऱ्या वाचकाला हा विषय दूरचा वाटत असेल, तर त्याने आपल्या सोसायटीच्या सचिवाला एवढेच विचारावे, की आपल्या आवारातले बोअर किती खोल आहे आणि पाणी कितव्या फुटावर लागले. बहुतेक ठिकाणी बिल सापडेल, उत्तर सापडणार नाही. शेजारच्या सोसायटीने त्याच खडकात त्याहून खोल भोक पाडले, म्हणून आपले आटले का, हेही मग कुणाला सांगता येत नाही. टँकर तेवढा येत राहतो.

भाची परत जाण्याआधी मी तिला त्या तालुक्याचा नकाशा उघडायला सांगितला. आठवत होती तेवढी गावे सांगितली. तीन शिवारांतली ती तिरकी रेघ बोटाने दाखवली. ‘‘ठिपके आहेत का तुझ्याकडे इथले?’’ असे विचारले. तिने शोधले. त्या तीन गावांत मिळून एक निरीक्षण विहीर होती. बाकी नकाशा कोरा. आमच्या लाल-निळ्या ठिपक्यांपैकी एकही तिथपर्यंत पोचला नव्हता.

‘‘आमच्यासारख्यांच्या फायली तुमच्याकडं किती हायेत?’’ त्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन संध्याकाळींनंतर काही महिने माझ्याकडे होते. त्यांच्या गावी जाऊन ते सांगावे, तुम्ही एकटे नव्हता आणि चूक तुमची नव्हती एवढे तरी म्हणावे, असे अनेकदा मनात आले. थकीत कर्जदाराकडे असले काही बोलायला जाणे अधिकाऱ्याला शोभत नाही, असे तेव्हा वाटले. मग बदली झाली. आता त्या शिवारात कुणी नवे बोअर घेत असेल, तर निदान त्याचा तरी कागद व्हावा.